जवसाची गोळी

जवस पाण्यात भिजवलं की त्याला बुळबुळीत चीक सुटतो, हे समजायला माझ्या आईला चौथीच्या पुढे शिकावं लागलं नाही. गाय व्याली की ती जवस शिजवून तिला चारायची आणि मग शिजवायचा गंज, म्हणजे पातेलं, घासताना म्हणायची, "बाप्पा बाप्पा, हाताले सोडते का पाहा!" तोच चीक काढायला, वाळवायला आणि त्याच्यावर जाडजूड प्रबंध लिहायला मला पाच वर्षं लागली. आता माझ्या नावामागे डॉक्टर लागतं. गावात गेले की म्हातारे बीपी तपासायला दंड पुढे करतात. मी सांगते, मी त्यातली डॉक्टर नाही. "मंग कायची?" असं ते विचारतात, आणि मी हसून वेळ मारून नेते. खरं उत्तर असं आहे की मी पोटाला न लागणाऱ्या गोळीची डॉक्टर आहे. हे कोणत्या तोंडानं सांगू?

आमचं गाव मोहाडीपासून सायकलच्या अंतरावर आहे. धान हेच पीक. धान कापायच्या आधी, बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, ओल असतानाच, उभ्या धानात जवसाचं आणि लाखोरी डाळीचं बी फेकून देतात. त्याला उतेरा म्हणतात. नांगर नाही, खत नाही, निंदण नाही. धान कापून नेलं की खालून आपलं आपण वर येतं, निळी फुलं धरतं. आमच्याकडे पोरी वाढतात तसंच वाढतं ते.

शहरातल्या फार्मसी कॉलेजात संशोधनाला लागले तेव्हा सर म्हणाले, एखादी वनस्पती निवड, तिच्या चिकापासून हायड्रोजेल करू. बरोबरची मुलं इंग्रजी मासिकं चाळत बसली. मी एका दमात म्हटलं, जवस. सरांना वाटलं मुलीचा अभ्यास दांडगा आहे. कसला अभ्यास! माझ्या डोळ्यांपुढे आईचं पोट होतं.

रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या, दिवसांत बाई सकाळी चिखलात उतरते ती कमरेत वाकलेलीच राहते. दोन्ही पाय पाण्यात, वरून पाऊस. आठ दिवसांत कंबर आणि गुडघे बोलायला लागतात. मग मेडिकलमधून 'कमरेची गोळी' येते. ती घेतली की कंबर गप्प बसते आणि पोट पेटतं. आईचं पोट वर्षानुवर्षं असं पेटत आलेलं. उपाशीपोटी गोळी, वरून फुळ्ळूक चहा, की चालली बांधीत. किती वेळा सांगितलं, खाऊन घे. "खाऊन वाकता येते का वं?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

काकूंचंही तेच. काकू म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातल्या. आई आणि त्या एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या आणि पहिल्या रोवणीपासून बांधीत शेजारी-शेजारी वाकल्या. आमच्याकडे रोवणीच्या बायांची जोडी असते. जोडी म्हणजे काय, तर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून जे काही तोंडात जाईल त्याचं अर्धं दुसरीचं. पेरू एक असला तर दातानं तोडून अर्धा. पान एक असलं तर अर्धं. गोळीसुद्धा अर्धी. त्यात बायांचं असंही म्हणणं की अख्खी गोळी गरम पडते. जोडीदारणीला न देता एकटीनं खाल्लं तर बांधीत पाय रुततो म्हणतात. आईचा पाय काही कधी रुतला नाही.

पहिल्या वर्षी घरी आले तेव्हा दोघी आमच्या ओसरीत सुपात जवस पाखडत बसल्या होत्या. मला त्याच्यातलंच न्यायचं होतं. एकेक खडा वेचून त्या दाणा साफ करत होत्या, जणू पोरीचं लग्न आहे. मी मोठ्या ऐटीत समजावून सांगायला बसले. हायड्रोजेल म्हणजे पाणी पिऊन फुगणारी पण न विरघळणारी जाळी. भिजवलेला सब्जा कसा दिसतो, तसं. त्या जाळीत औषध कोंडायचं. पोटातल्या आंबटात ही जाळी आखडून बसते, औषध बाहेर सोडत नाही. पुढे आतड्यात गेली की फुगते आणि बारा तासांत थोडं-थोडं करून औषध सोडते. म्हणजे दुखणं थांबेल आणि पोटाला चटका बसणार नाही.

"म्हंजे जवसाची गोळी?" आईनं विचारलं.

"हो. जवसाची गोळी."

"आन् पोटाले लागनार नाई?"

"तेच तं करून राहिली ना मी."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "मंग मले पयले दे वं पोरी. तुह्या मायचं काय, ते दगड पचवते."

"आधी उंदराले देऊन पाहतात काकू, माणसाले मग."

"उंदराची कंबर दुखते का वं?" काकू म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या की सुपातलं जवस ओसरीभर सांडलं. मीही हसले. तेव्हा हसायला काही लागत नव्हतं.

पुढची दोन वर्षं माझी काचेच्या भांड्यांत गेली. जवस कोमट पाण्यात ढवळायचं, मलमलीतून गाळायचं, गाळलेलं पाणी अल्कोहोलमध्ये ओतायचं. मग त्यात पांढरे धागे वर येतात. ते वाळवून, दळून, त्यात औषध मिसळून चपट्या चकत्या करायच्या. एका यंत्रात सहा भांडी असतात. त्यात अंगाच्या उबेचं पाणी आणि वर फिरणारी पाती. पहिले दोन तास पोटासारखं आंबट पाणी, मग आतड्यासारखं. दर तासाला नमुना काढायचा. एक तास चुकला की आख्खा दिवस गेला. जवस घरूनच यायचं. बाबा पिशवी घेऊन एसटीनं यायचे, कॉलेजच्या फाटकाशी उभे राहायचे, मी खाली जाऊन घेऊन यायची.

तिसऱ्या वर्षी रोवणीच्या आधी मी आईला भंडाऱ्याला हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघे पाहिले आणि एक गोळी लिहून दिली. दिवसातून एकदाच घ्यायची, हळूहळू सुटणारी. बाजारात मिळते तशी, कंपनीची. जवसाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. भंडाऱ्यात त्या दिवशी ती मिळाली नाही, म्हणून मी म्हटलं, शहरातून पाठवते.

पंधरा दिवसांनी बाबा जवसाची पिशवी घेऊन आले. वर माझं यंत्र चालू होतं, पुढचा नमुना काढायला दहा मिनिटं उरली होती. गोळ्यांची खोकी बाबांच्या पिशवीत मावेनात, म्हणून मी पाकिटं बाहेर काढली आणि खोकी कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्या खोक्यांवर बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं की गोळी अख्खी गिळावी, तोडू नये, चावू नये. मला ते वाचायचीही गरज नव्हती. माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात ते वाक्य मी स्वतः लिहिलेलं. हळू सुटणारी गोळी अख्खी असेपर्यंतच हळू असते. तोडली की दिवसभराचं औषध एकदम अंगावर येतं. अर्धी गोळी म्हणजे सौम्य गोळी नव्हे. हे मी ज्युनिअर पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवायची.

खिशात कागद नव्हता. हातात गाळायचा गोल कागद होता, फिल्टर पेपर. त्याच्यावर मी पेनानं लिहिलं : रोज एक, जेवल्यावर. बाबांच्या हाती दिला आणि पळत वर गेले. नमुना वेळेवर निघाला.

जवस गेलं आणि गोळ्या आल्या. आता आईनं याचा काय अर्थ लावावा? लावला तोच लावला.

रोवणी सुरू होऊन चार-पाच दिवस झाले असतील, तिचा फोन आला. आवाज असा फुललेला की मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. "काय गोळी बनवली वं माय तू! कंबर म्हनून हाये का नाई ते समजतच नाई. मी बायाईले सांगतलं, माह्या वावरातलं जवस हाये, माह्या पोरीनं गोळी केली. घरचं खानं हाये, काही लागत-बिगत नाई."

मी त्या वेळी कँटीनमध्ये होते. समोर चहा होता. मी म्हणायला हवं होतं, आई, ती जवसाची नाही. ती दुकानातली आहे, औषध आहे, जपून घे. एवढी तीन वाक्यं. मी म्हटलं, "बरं वाटते ना? मग झालं." आणि फोन ठेवून खुशीत चहा प्यायले. दोन वर्षं सर माझे आलेख पाहून नाक मुरडत होते. एक चकती धड फुगत नव्हती. आणि तिकडे बांधीभर बायांत माझी गोळी लागू पडली होती. खोटी का होईना. सोडवेना मला ते. हे मी आज लिहून राहिली, तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या फोनमध्ये तिनं काकूंचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच काय? आई गोळी खाते म्हणजे काकू अर्धी खातात, हे मला ठाऊक नव्हतं का? लहानपणापासून पाहत आले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते हेच.

आई रोज सकाळी धुऱ्यावर गोळी दातानं तोडायची. अर्धी तिची, अर्धी काकूंची. काकूंनी सकाळची शिळी भाकरसुद्धा सोडून दिली, कारण ही गोळी पोटाला लागत नव्हती ना! घरचं खाणं होतं. वरून त्यांची जुनी मेडिकलची गोळीही संध्याकाळी चालूच होती. मग पोटातलं रक्त उतरून त्यांना काळी शौच व्हायला लागली. ती गोष्ट बाई कोणाला सांगते? रोवणी संपायला दोन दिवस उरले होते. काकू पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, जुडी हातात घेऊन सरळ झाल्या आणि धुऱ्यावर रक्त ओकल्या.

ट्रॅक्टरवर टाकून त्यांना मोहाडीला नेलं, तिथून गाडीनं भंडाऱ्याला. मी दुपारी पोचले तेव्हा ऑपरेशन चालू होतं. पोटाला भोक पडलं होतं. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात आई चिखलाच्या पायांनी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पिंडऱ्यांवरचा चिखल वाळून भेगाळला होता. काकूंचा मुलगा समोर उभा होता, त्याची बायको रडत होती.

एक तरुण डॉक्टर बाहेर आले. "पेशंट कोणतं औषध घेत होती?"

आईनं ओच्यातून पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. "हे जी. सकाळी उपाशी पोटी अर्धी ते, अर्धी मी. पन हे जवसाची हाये. हे पोटाले नाई लागत. माह्या पोरीनं बनवली, विचारा तिले."

डॉक्टरांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "कसलं जवस? ही बाजारातली दुखण्याची गोळी आहे. अन् तोडून घेत होत्या? उपाशीपोटी?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आता बोलायची वेळ होती आणि मी बोललेही. डॉक्टरांसमोर मी घरची भाषा टाकून पुस्तकातल्या मराठीत ओरडले, "आई, तुला कोणी सांगितलं ही जवसाची आहे म्हणून? आणि औषध असं कोणालाही वाटतात का? काही अक्कल आहे की नाही?"

आईनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. तो फोन तिलाही आठवत होता, मलाही. मला वाटलं आता ती म्हणेल, मी तुला सांगितलं होतं ना, तू बरं म्हणाली होतीस ना? मग काकूंच्या मुलानं विचारलं, "मोठीमाय, तुमी देल्ली माह्या मायले?" आणि ती त्याला म्हणाली, "हो बाबू. मीच देल्ली. माही चूक झाली."

काकू वाचल्या. बाई वाचली म्हणून देवाला नारळ फोडला आम्ही, पण ते वाचणं काय वाचणं होतं? त्या पुन्हा बांधीत उतरल्या नाहीत. ताटभर भात खाणारी बाई वाटीभर पेजेवर आली. दारातल्या बाजेवर बसून असतात. आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवरून भाजीची वाटी इकडून तिकडे जायची, ते बंद झालं. आई दोनदा पेज घेऊन गेली, दोन्ही वेळा सुनेनं दारातूनच परत पाठवली. बांधीत आईला जोडीदारीण उरली नाही. तिच्या हातचं अर्धं पान कोणी घेईना. गावात तिचं नाव गोळीवाली पडलं. तिनं स्वतःही त्या दिवसापासून कसलीच गोळी घेतली नाही. गुडघ्याला चिंधी बांधते आणि रोवायला जाते. बोअरिंगवर पाण्याला जायला काकूंच्या दारावरूनच जावं लागतं. ती तिथून मान खाली घालून जाते.

मी काय केलं? कॉलेजात परत आले. एक दिवस जिद्दीला पेटून माझ्या चांगल्या निघालेल्या चकत्या घेतल्या आणि दातानं तोडतात तशा तोडून यंत्रात सोडल्या. जाळी फाटली होती. आंबट पाण्यातच औषध भसाभसा बाहेर आलं. अख्खी असताना बारा तास टिकणारी चकती तासाभरात रिकामी. सरांना आलेख दाखवला. ते म्हणाले, "हे कशाला केलंस? गोळी तोडू नये असं आपण लिहिलंच आहे. पेशंटनं काय करावं तो आपला विषय नाही. हे टाकलं तर तुझ्या निष्कर्षाची वाट लागेल." मी तो आलेख प्रबंधात टाकला नाही. सरांना का दोष देऊ? त्यांनी माझा हात धरला नव्हता. मला डिग्री हवी होती, बस.

डिग्री मिळाली. या हिवाळ्यात गावच्या शाळेत सत्कार ठेवला. शाल, नारळ, फुलांचा हार. सरपंच माइकवर म्हणाले, आपल्या मातीतल्या जवसातून आपल्या लेकीनं औषध शोधलं. टाळ्या पडल्या. आई बायांत सगळ्यात मागे, भिंतीजवळ बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती. काकू आल्या नव्हत्या.

घरी आल्यावर आईनं जवसाचा डबा उघडला. दाण्यांत कोपरापर्यंत हात घालून तिनं तळातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत तो गोल कागद होता, चार घड्या घातलेला. रोज एक, जेवल्यावर. अक्षर माझं.

"हे घे," ती म्हणाली. "तवा डाक्टर विचारून राहिला होता, चिठ्ठी-बिठ्ठी लिहून देल्ली होती का म्हून. मी नाई म्हटलं. कोनाच्या हाती लागली तं म्हनतीन, शिकल्या-सवरल्या पोरीनं तोडू नोको इतकंही लिवलं नाई. आता तू डाक्टर झाली. जाळून टाक."

"तीन वर्सं तू हे लपवून ठेवलं?"

"मंग काय करू? माह्यं काय, मले कोन विचारते? तुहा पूरा जलम पडला हाये."

मला रडू आलं नाही. संताप आला. तिचाच आला आधी, खरं सांगते. इतकी चांगली कशाला वागलीस म्हणून. मग तो जिथे यायला हवा होता तिथे आला. मी कागद मुठीत घेतला आणि तशीच उठून शेजारी गेले. आई मागून म्हणाली, "काहून जाऊन राहिली वं? राहू दे," पण मी थांबले नाही.

काकू बाजेवर उन्हात बसल्या होत्या. फार बारीक झाल्या आहेत. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि कागद उलगडला.

"काय लिवलं हाये?" त्यांना वाचता येत नाही.

"रोज एक, जेवल्यावर."

"आन्?"

"आणखी काही नाही. तोडू नका असं लिहायचं होतं. मी लिहिलं नाही. आणि काकू, आईले वाटत होतं ते जवसाची गोळी हाये. तिनं मले फोनवर सांगितलं होतं. मले माहीत होतं ते जवसाची नाई म्हून. मी तिले सांगितलं नाई. मले बरं वाटलं म्हून सांगितलं नाई. दवाखान्यात तिच्यावर ओरडले तेही खोटं. चूक माही होती, तिची नाई."

काकूंनी कागद हातात घेतला. त्यांची सून दारात येऊन उभी राहिली, तिला त्यांनी हातानंच आत जायला सांगितलं. मग माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"तीन वर्सं झाले," त्या म्हणाल्या. "तुही माय माह्या दारावरून मान खाली घालून जाते. मी एक दिस तिले हाक नाई मारली. आन् तू आज आली हे सांगाले. शाल पांघरून आली."

शाल खरंच अंगावर होती. काढायची राहिली होती.